चिंचेच्या पाण्याची पळी

"शालन, विळी आडवी कर आन् हिकडं ये."

आत्तींनी हाक मारली तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कांद्याच्या ढिगात बसले होते. नऊ वर्षं माझी जागा तीच होती. आत्ती चुलीपुढे, मी कांद्यापुढे आणि मध्ये चार फरशा. त्या चार फरशा ओलांडून मला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, तानूबाई. जयसिंगपुरात सातव्या गल्लीच्या तोंडाशी आमची भेळेची गाडी होती. गाडीवर उभे राहायचे आमचे मालक, सर्जेराव, पण गाडीचं नाव कुणी विचारलं तर लोक सांगायचे, तानूमावशीची भेळ. चिरमुरे काय, फरसाण काय, कुणाकडेही मिळतं. आमच्याकडे माणूस यायचं ते चिंचेच्या पाण्यासाठी.

त्या पाण्याचा आमच्या घरात एक दंडक होता. चिंच रात्री भिजायची, सकाळी कोळून गूळ, मिरची, जिरं घालून उकळायची. पाणी निवलं की आत्ती पळीने चार थेंब डाव्या तळव्यावर घ्यायच्या आणि जिभेला लावायच्या. त्याआधी चहाचा घोट नाही, तंबाखूच्या मिश्रीचं बोट नाही. चव झाली की मगच मिश्री आणि त्यानंतर चहा. दुसऱ्या कुणी चव बघायची नाही, पोटच्या लेकानेसुद्धा नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी हौसेने पातेल्यात बोट बुडवलं होतं. आत्तींनी एक शब्द न बोलता अख्खं पातेलं मोरीत ओतलं. त्या दिवशी गाडी लागली नाही, आणि का लागली नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्ल्यांना कळलं.

आणि त्याच आत्ती आज पळी माझ्यापुढे धरून उभ्या होत्या.

"हात धू. राख लावून धू, कांद्याचा वास ऱ्हायला नगं. आजपासनं चव तू बग."

"मी?"

"मग काय शेजारनीला बोलवू?"

मी हात तीनदा धुतले. तळव्यावर चार थेंब घेतले. जिभेला लावलं.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय, आत्ती."

"चांगलं तर पावणंबी म्हणत्यात. आंबट आदी लागलं का तिखट?"

"आंबट."

"कुठं?"

"जिभेच्या कडांना. दोन्ही बाजूंनी."

"आन् गूळ?"

मी पुन्हा दोन थेंब घेतले. "गूळ मागनं आला. गिळताना."

"मग कमी हाय. लिंबाएवढा खडा टाक आन् ढवळ."

टाकला. पुन्हा चव घेतली, आणि खरंच, पाणी जागेवर आलं होतं. आत्तींनी ते जिभेला लावलं नव्हतं. माझ्या तोंडची चव त्यांनी माझ्या बोलण्यावरून ओळखली होती. त्यांनी स्वतः का बघितलं नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. मी हवेत होते. माझं माहेर जत भागातलं, दारात चिंचेची दोन झाडं, चिंच फोडून फोडून बोटांना रंग चढलेला. चिंचेतलं मला कळतं हे या घरात कुणीतरी एकदा म्हणावं, एवढीच माझी नऊ वर्षांची इच्छा होती. त्या दिवशी कांदा चिरताना मला रडूसुद्धा येईना.

मला वाटलं, एका दिवसाचा सण असेल. पण दुसऱ्या दिवशी पळी माझ्याकडे, तिसऱ्या दिवशीही माझ्याकडेच. चौथ्या दिवशी आत्तींनी मला माळ्यावरच्या बरण्यांपाशी नेलं.

"ही काळी बरनी दोन वरसाची. ही यंदाची. तीन वाटं जुनी, एक वाटा नवी. जुनीनं रंग येतोय, नवीनं धार. ध्यानात ऱ्हाईल?"

"राहील."

"म्हनून दाखीव."

मी शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. ही गोष्ट त्यांनी मालकांनाही सांगितलेली नव्हती. मी माहेरी पत्र टाकलं की आता पाणी माझ्या हाताने होतं. पत्र पोस्टात टाकताना मान ताठ होती.

आता खरं सांगायचं तर, याच चार दिवसांत मी आणखीही काही बघत होते.

आत्ती जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या होत्या. भाकरी दुधात कुस्करून खात होत्या, त्याही कशा, चटणीशिवाय घास न गिळणाऱ्या आत्ती. पहिला घास तोंडात गेला की त्यांचा उजवा हात जबड्याखाली जायचा आणि तिथेच राहायचा. एकदा पदर सरकला आणि मला दिसलं, उजव्या जबड्याच्या खाली आवळ्याएवढी सूज. तासाभराने भांडी घासताना बघितलं, तर काही नाही. संध्याकाळी जेवायला बसल्या की पुन्हा आवळा.

"आत्ती, काय झालंय?"

"दाढ दुखतीया."

"बरं," मी म्हटलं.

बरं कसलं! त्या बाजूच्या दाढा आत्तींनी वर्षापूर्वीच काढून घेतल्या होत्या. दवाखान्यात मीही मागोमाग गेले होते. आणि गोदामावशीही मला आठवत होती. ती आत्तींची धाकटी बहीण, कुरुंदवाडला दिलेली. तीही रोज मिश्री लावायची. तिच्याही जबड्याखाली आधी गाठच आली होती. तोंडाच्या रोगाने ती सहा महिन्यांत गेली, आणि शेवटी शेवटी तिला पाणीही गिळता येत नव्हतं. आम्ही दोघी तिच्या उशाशी बसलो होतो. त्यामुळे आत्तींच्या मनात काय चाललंय हे मला कुणी सांगायला नको होतं. पळी माझ्या हातात का आली हेही मला चौथ्या-पाचव्या दिवशी कळून चुकलं होतं.

तरी मी गप्प बसले. भीती वाटत होती हे खरं, पण नुसती भीती नव्हती. मनात एक कोपरा असा होता, जो म्हणायचा, विचारलंस तर दवाखाना होईल, दवाखाना झाला तर आत्ती बऱ्या होतील, आणि बऱ्या झाल्या की तू पुन्हा कांद्यात. असला विचार आला की मी जोरात पातेलं घासायला घ्यायची. पातेली त्या आठवड्यात आरशासारखी झाली होती.

दहाव्या दिवशी आत्तींनी ट्रंक उघडली. तळाशी घडीचं जांभळं इरकली लुगडं होतं.

"हे बगून ठिव."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? जाताना बाईनं नवं नेसून जावं. नायतर तुमी गडबडीत कायबी गुंडाळशिला."

मी ट्रंकेचं झाकण लावलं आणि परसात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात मालक सायकलवरून आले, चेहरा अगदी खुलून गेलेला.

"अगं, आई मला म्हणाली, गाडीला रंग दे. निळा दे म्हणाली! धा वरसं मागं लागलोय, तर आत्ता कुठं राजी झाली. काय झालंय काय तिला, एवढी गोड कशी झाली?"

मालक स्वभावाने अगदी भोळे. आई गोड झाली म्हणून खूश झालेला तो माणूस माझ्यापुढे उभा होता. तरीही मी बोलले नाही. अकरावा दिवस तसाच गेला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दातांच्या डॉक्टर मगदूमबाई गाडीवर आल्या. पद्मजा मगदूम. शाळेच्या वयापासून आमचं गिऱ्हाईक. जैनांची पोर, कांदा नको, बटाटा नको, आणि दिवस मावळायच्या आत खाऊन मोकळी. डॉक्टर झाली, चौथ्या गल्लीत दवाखाना टाकला, तरी तिची भेळ बदलली नव्हती आणि आत्तींचं तिला 'पद्मे' म्हणणंही बदललं नव्हतं.

आत्ती स्टुलावर बसून कैरीच्या फोडी करत होत्या. मालक चिरमुरे कालवत होते. मी पाण्याच्या पातेल्यापाशी, हातात पळी.

मगदूमबाईंनी पहिला घास घेतला आणि भुवया वर केल्या. "मावशी, पाणी बदललंय की."

मी पळीने पाणी उगाचच ढवळायला लागले.

"वाईट झालंय?" आत्तींनी विचारलं.

"वाईट नाही. धार वाढलीय. कानशिलापर्यंत जाते." त्यांनी दुसरा घास घेतला आणि आत्तींकडे बघता बघता त्यांचा हात थांबला. कैरीचा चीक उडत होता, वास सुटला होता, आणि आत्तींच्या उजव्या जबड्याखाली बघता बघता आवळा उभा राहत होता. आत्तींनी पदर ओढला, पण हात कैरीने भरलेला, पदर काही नीट बसेना.

"मावशी, ही सूज कधीपासनं?"

"दाढ हाय गं. तू खा."

"कुठली दाढ? त्या बाजूला दाढच नाही. मीच काढलीय."

"व्हय की आई," मालक म्हणाले, "गेल्या वर्साला न्हाई का, मी सायकलवरनं न्हेलं हुतं?"

 आत्ती खाली मान घालून कैरी कापत राहिल्या. मगदूमबाईंनी आधी मालकांकडे बघितलं. तिथे काही मिळण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात पळी होती. तिचा दांडा बारा दिवसांत माझ्या तळव्याला सवयीचा झाला होता. मी ती पातेल्यावर आडवी ठेवली.

"बारा दिवस झाले," मी म्हटलं. "जास्तही असतील. जेवायला बसल्या की येते, तासाभरानं उतरते. चव घ्यायची त्यांनी सोडून दिलीय. जाताना नेसायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलंय."

"शालन!"

पातेलं मोरीत ओतलं त्या दिवशी आत्ती बोलल्या असत्या, तर त्यांचा आवाज असाच लागला असता. मालकांच्या हातातली चिरमुऱ्यांची परात कलंडली. गाडीवरची दोन गिऱ्हाइकं आपापल्या कागदात बघायला लागली.

"जेवताना येते?" मगदूमबाईंनी मला विचारलं. आत्तींना त्यांनी विचारलंच नाही, मला हे फार शहाणपणाचं वाटलं. "मधल्या वेळात दुखत नाही?"

"नाही. भांडी घासताना बऱ्या असतात. झोपेतही काही नाही."

"आंबट बघितलं की जास्त?"

"आत्ता बघितलंत की तुम्ही."

"दुखतं कुठं मावशी, जिभेखाली?"

आत्तींनी कैरी खाली ठेवली. "जिबंखाली," त्या म्हणाल्या. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "सुई घुसल्यावानी. पयला घास घेतला की जिबंच्या मुळाशी कुनीतरी आवळतंय आसं वाटतंय. गोदीलाबी गाठच आली हुती पद्मे. मला बगायचं न्हाई. एकदा बगितलं की त्याला नाव पडतंय, आन् नाव पडलं की माणूस आर्धं तितंच मरतंय. माज्या भनीचं मी बगितलंय."

मगदूमबाईंनी कागद खाली ठेवला आणि आत्तींच्या पुढ्यात रस्त्यावरच उकिडव्या बसल्या. डॉक्टरीण, चांगली कडक इस्त्रीची साडी.

"मावशी, ऐका. तुम्ही जे समजताय, ते जेवणाच्या वेळा बघून येत नाही आणि तासाभरानं घरी जात नाही. ते आलं की मुक्कामालाच येतं. हे दुसरं काहीतरी आहे. उद्या सकाळी दवाखान्यात या. बघितल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण मला तरी एवढी काळजी वाटत नाही."

"आन् तसंच निगालं तर?"

"तर ते मी सांगेन. तुम्ही आधीच सांगू नका."

दुसऱ्या दिवशी आत्ती ते इरकली लुगडं नेसूनच दवाखान्यात गेल्या.  माझ्याशी त्यांनी रात्रीपासूनच अबोला धरला होता.

मगदूमबाईंनी आत्तींना खुर्चीवर बसवलं, हातमोजा चढवला, एक बोट जिभेखाली घातलं आणि दुसऱ्या हाताने जबड्याखालून वर दाबलं. बराच वेळ चाचपत होत्या. आत्तींनी माझी मनगटं अशी धरली होती की बांगड्या रुतल्या. अबोला होता, पण धरायला दुसरं कुणी नव्हतं.

"हा बघा," बाई म्हणाल्या. "सापडला. खडा आहे."

मग त्यांनी बोटाच्या पेराएवढी फिल्म जिभेखाली ठेवून फोटो काढला आणि दिव्यापुढे धरून आम्हाला दाखवला. काळ्यात पांढरी कणी, तांदळाच्या कणीएवढी.

"जबड्याखाली लाळेची पिशवी असते मावशी, आणि तिथून जिभेखाली येणारी बारीकशी नळी. त्या नळीत हा अडकलाय. जेवायला बसलं, आंबट बघितलं, की लाळ सुटते. पुढं वाट बंद, मग ती मागं तुंबते. पिशवी फुगते, तीच तुमची गाठ. हळूहळू पाझरून गेली की सूज उतरते. तुमच्या गल्लीतल्या नळाला कचरा अडकला की होतं तसंच."

आत्ती फोटोकडे बघत राहिल्या. "खडा? तोंडात? मुतखडा ऐकलाय मी."

"तसाच हा लाळेचा. पाणी किती पिता दिवसाला?"

"घोटभर चा घेती की सकाळी."

"पाणी विचारतेय मी."

"चुलीपुडं बसल्यावर कुठलं पानी? ऊठबस कोन करणार?"

"आता दिवसाला सहा-सात तांबे झाले पाहिजेत."

"सात तांबं! मी काय म्हस हाय?"

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. बाईंनी मात्र मोकळेपणाने हसून घेतलं. मग त्यांनी आत्तींचं अख्खं तोंड तपासलं, हिरड्या, गालांची आतली बाजू, जीभ वर करून, जीभ बाहेर काढून. हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "बाकी तोंड स्वच्छ आहे. हा खडा काही मिश्रीनं झालेला नाही. पण मिश्री आजपासून बंद. गोदामावशीची वाट तिकडूनच जाते, आणि दरवेळी खडाच निघेल असं नाही."

आत्तींनी कनवटीची मिश्रीची डबी काढून टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

"आता औषध सांगते. भरपूर पाणी. जेवणाआधी गरम फडक्यानं शेक. मग जबड्याखाली मागून पुढं, हनुवटीकडं, असं अंगठ्यानं सारायचं. आणि दिवसातनं चार-पाच वेळा आंबट चोखायचं."

"आंबट?"

"चिंच चोखा. घरात काय कमी आहे का?"

"ज्यानं दुखतंय तेच खायाचं?" आत्तींचा विश्वासच बसेना. "बारा दिस मी चिंचेला शिवले न्हाई!"

"म्हणूनच तो बसून राहिला. लाळ सुटली की मागनं जोर येतो, त्या जोरानं खडा पुढं सरकतो. दुखेल, ते सोसायचं. ताप आला, पू आला, तर लगेच यायचं, मग गोळ्या लागतील. आठ दिवसांत नाहीच सरकला तर मिरजेला पाठवते. जिभेखाली एवढीशी चीर देऊन काढतात, संध्याकाळी माणूस घरी."

घरी आल्यावर आत्तींनी लुगडं बदललं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं, पण तळाशी नव्हे, वरच ठेवलं. मग माझ्यापुढे येऊन बसल्या आणि हनुवटी वर केली. 

मी फडकं तव्यावर गरम केलं, शेक दिला, आणि अंगठ्याने सारायला सुरुवात केली. नऊ वर्षांत मी आत्तींच्या पायांना अनेकदा हात लावला होता, सणावाराला, नमस्काराला. चेहऱ्याला कधी लावला नव्हता. कातडी मऊ होती, माझ्या आईच्यापेक्षाही मऊ. त्यांनी काळ्या बरणीतली चिंच तोंडात धरली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय? थांबवू?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

दोन दिवस असे गेले. मी सारायची, त्या चोखायच्या, मालक पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहायचे आणि मोठ्याने मोजायचे, "आई, पाचवा!" तिसऱ्या दिवशी सारताना आत्ती एकदम म्हणाल्या, "जरा खाली. हितं." अबोला एवढ्याने सुटला. त्या दिवशी खडा थोडा पुढे आलाय असं मगदूमबाईंनीही बोट घालून सांगितलं.

सकाळची चव मात्र या दिवसांतही माझ्याकडेच होती. पण आता पळी हातात घेताना पूर्वीचा आनंद नव्हता. माघारी द्यायची वस्तू वापरताना वाटतं, तसं वाटायचं.

सहाव्या दिवशी सकाळी दहाचा सुमार. चिंच आत्तींच्या तोंडात, माझे अंगठे त्यांच्या जबड्याखाली. त्या एकदम ताठ झाल्या. मला वाटलं, जास्त जोर लागला. त्यांनी माझे हात झटकले, तोंडातली चिंच थुंकली, आणि डोळे मोठे करून नुसत्या बसून राहिल्या.

"आत्ती?"

"खारट," त्या म्हणाल्या. "तोंड भरून खारट पानी आलं गं." मग जिभेने काहीतरी चाचपलं, दोन बोटं तोंडात घातली आणि डाव्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. नेहमी चव घ्यायच्या त्याच तळव्यावर.

पिवळट, खरबरीत कणी होती. तांदूळ निवडताना आपण उचलून टाकतो, तेवढी.

आम्ही तिघंही डोकी एकत्र करून बघत राहिलो.

"येवढ्याशापायी," आत्ती म्हणाल्या, "येवढ्याशापायी मी लुगडं काढून ठिवलं? आन् गाडीला निळा रंग दिला?" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पाठीमागे भिंतीला टेकल्या, तरी हसणं थांबेना. मालक हसले. मीही हसले, आणि मग मला रडायलाच आलं. दुपारी आत्तींनी तोंड आमच्याकडे करून भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर. जबड्याखाली काही आलं नाही. संध्याकाळी मगदूमबाईंना ती कणी कागदाच्या पुडीत घालून दाखवली आणि त्यांना एक भेळ फुकट दिली, कांदा नाही, बटाटा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंच कोळली, पाणी उकळलं, निववलं. पळी स्वच्छ धुतली, पातेल्यावर आडवी ठेवली, आणि चार फरशा ओलांडून माझ्या कांद्यांपाशी जाऊन बसले. विळी उभी केली. कुणी सांगायच्या आत आपणच उठलेलं बरं.

आत्ती आल्या. चूळ भरलेली, तोंडात काही नाही. तळव्यावर चार थेंब घेतले, जिभेला लावले, डोळे मिटले. मी कांदा हातात धरून बसले होते, चिरत नव्हते.

"हे माजं पानी न्हाई," त्या म्हणाल्या.

"चुकलं असेल, आत्ती. बघा तुम्ही. गूळ..."

"गूळ जाग्यावर हाय. जुनी किती घातलीस?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दोन वाटे. नवी दोन वाटे. तुम्ही चव बघायच्या नाहीत म्हणून मी मला आवडतं तसं केलं. जतला असंच करतात." आणि मग जे पोटात होतं तेही बाहेर आलं. "आत्ती, मला आधीच कळलं होतं. दाढ नाही हे माहीत होतं. पळी जाईल म्हणून मी गप्प बसले."

"ठावं हाय मला."

"ठावं होतं?"

"पाटमोरी जेवत हुते, आंधळी न्हवते." त्यांनी पुन्हा दोन थेंब घेतले. "तुज्या जागी मी असते तर गाडीवर बोलले नसते. बाराव्या दिसालाबी न्हाई."

 आत्ती पळी घेऊन उठल्या आणि चार फरशा ओलांडून माझ्यापाशी आल्या.

"भ्याले म्हनून दिली हुती. ती काय दिली म्हनायची?" त्यांनी पळी पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली. "आता बरी हाय. आता घे."

"पण पाणी तुमच्यासारखं नाही म्हणालात ना."

"न्हाईच. कानशिलापतूर जातंय, पद्मी म्हनली ते खरं हाय. जाऊदे जातंय तर. ऊठ तितनं, मला बसायला जागा दे."

मी उठले. आत्ती माझ्या जागी उंबऱ्याशी बसल्या, कांद्याचा ढीग जवळ ओढला, विळीवर पाय ठेवला आणि पहिला कांदा चिरायला घेतला. दोन काप केले, तिसऱ्याला थांबल्या. विळीच्या पात्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"हिला धारच न्हाई की गं. नऊ वरसं आशीच चिरत हुतीस?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाईस?"

त्यांनी मालकांना हाक मारली आणि विळी धार लावून आणायला तिथल्या तिथे बाजारात पिटाळलं. मालक ती घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी चुलीपाशी चहा घेत बसलो. त्या दिवशी गाडी लागायला तासभर उशीर झाला.